न खोडता येणारी खोड

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस पुष्कळदा एक पातळ पान जोडलेले आढळते. त्यावर पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे चार स्तंभ असतात आणि माथ्यावर 'शुद्धिपत्र' असा मथळा असतो. छपाई होऊन गेलेली असते, फर्मे बांधून झालेले असतात; आता अक्षर बदलणे शक्य नसते. तेव्हा वाचकानेच हाती लेखणी घेऊन आपल्या प्रतीत दुरुस्ती करून घ्यावी, अशी ती विनंती असते. चूक मुद्रणालयात झालेली असते आणि ती निस्तरण्याचे काम मात्र वाचकाकडे आलेले असते. या वाटणीविषयी आपण सहसा तक्रार करीत नाही, कारण एखादी वेलांटी चुकल्याने ग्रंथाचे फारसे बिघडत नाही.

संगणकातील चिप बनवणाऱ्या कंपन्याही असेच शुद्धिपत्र काढतात. त्या व्यवसायात त्याला 'एराटा' म्हणतात. मुद्रणव्यवहारातला लॅटिन शब्दच तेथे जसाच्या तसा उचलला गेला आहे. आणि ते योग्यच आहे. सिलिकॉनच्या तुकड्यावर उमटवलेली विद्युतरचना हेही एक प्रकारचे छापलेले पान असते. त्यात चूक राहिली, तर विकल्या गेलेल्या प्रतींतून ती खोडता येत नाही. कंपनी फार तर पुढची आवृत्ती सुधारून काढते. आधीच्या आवृत्तीचा वाचक म्हणजे त्या चिपवर चालणारे सॉफ्टवेअर. सुधारून वाचण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते.

प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका दुरुस्तीचा इतिहास मांडणार आहोत. विषय यंत्राचा असला, तरी त्यातला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. मूळ पाठ सदोष आहे आणि तो बदलता येत नाही, अशा वेळी वाचणाऱ्याने काय करावे? आणि त्याच्या श्रमाचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडावा?

यजमान, पाहुणे आणि दुभाष्या

यूएसबी ही जोडणी आज इतकी सर्वपरिचित झाली आहे की तिच्या अंतर्गत रचनेविषयी कोणी विचारत नाही. जानेवारी १९९६ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, आयबीएम, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. कळफलक, माऊस, प्रिंटर, प्रत्येकाची खाच वेगळी आणि तार वेगळी, हा गोंधळ संपवावा हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी एक कडक शिस्त घालून दिली. या जोडणीत एक यजमान असतो आणि बाकी सारे पाहुणे. यजमानाने विचारल्याखेरीज पाहुण्याने बोलायचे नाही. आपण कळ दाबली, म्हणून कळफलक आपण होऊन काही कळवत नाही. यजमान ठरावीक वेळाने त्याच्याकडे वळून 'काही सांगायचे आहे काय?' असे विचारतो, तेव्हाच तो उत्तर देतो. हे विचारण्याचे काम करणाऱ्या भागाला 'होस्ट कंट्रोलर' असे नाव आहे. येथे आपण त्याला यजमान-नियंत्रक म्हणू.

पहिल्या आराखड्यात दोनच गती होत्या: सेकंदाला १५ लाख आणि १ कोटी २० लाख बिट. काळाचे माप एक सहस्रांश सेकंदाचे होते. एप्रिल २००० मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि गती एकदम ४८ कोटी बिटांवर गेली. त्या सहस्रांश सेकंदाचेही आठ तुकडे पाडण्यात आले. एकेक तुकडा १२५ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे सेकंदात असे ८,००० क्षण. पण लोकांच्या घरचे जुने, धिमे कळफलक आणि माऊस टाकून देता येत नव्हते. वेगवान यजमान आणि धिमा पाहुणा यांची गाठ घालून देण्यासाठी मग मधल्या हबमध्ये एक भाषांतरकार बसवण्यात आला. 'ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर' हेच त्याचे अधिकृत नाव आहे. आपण त्याला दुभाष्या म्हणू.

या दुभाष्याची कामाची रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सारे नाट्य तिच्यातून उद्भवते. यजमान त्याला झटकन सांगतो, 'त्या कळफलकाला विचार', आणि दुसऱ्या कामाला लागतो. दुभाष्या धिम्या गतीने कळफलकाशी बोलतो आणि उत्तर हाती घेऊन थांबतो. पुढच्या नेमून दिलेल्या क्षणांत यजमानाने परत येऊन ते उत्तर न्यायचे असते. यजमान वेळेवर आला नाही, तर दुभाष्या ते उत्तर टाकून देतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. यातली मर्माची गोष्ट अशी की कळफलकाला 'तुझे म्हणणे पोचले' अशी पावती त्याने तोपर्यंत दिलेली असते. कळफलक निश्चिंत होतो आणि ते म्हणणे विसरतो. यजमानाला फार तर काहीतरी हुकले एवढे कळते. काय हुकले ते आता कोणालाच ठाऊक नसते.

तेव्हा प्रश्न उरतो तो वेळापत्रकाचा. कोणाला केव्हा विचारायचे आणि उत्तर केव्हा न्यायचे, हे कोणी सांभाळावे? यूएसबीच्या आरंभापासून यावर दोन पंथ होते. इंटेलच्या 'यूएचसीआय' रचनेने बराच भार सॉफ्टवेअरवर टाकून चिप स्वस्त ठेवली. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमिकंडक्टर यांच्या 'ओएचसीआय' रचनेने तो भार चिपमध्येच घेतला. दुसऱ्या आवृत्तीसाठी आलेल्या 'ईएचसीआय' रचनेत हा व्यवहार समंजसपणे मिटला होता. सॉफ्टवेअरने सारे वेळापत्रक स्मृतीत लिहून ठेवायचे, आठांपैकी कोणत्या तुकड्यात विचारायचे आणि कोणत्या तुकड्यात उत्तर न्यायचे याच्या खुणा करायच्या, आणि ते क्षणाक्षणाला पाळण्याचे काम नियंत्रकाने स्वतः करायचे. मुख्य प्रक्रियक दुसऱ्या कामात बुडालेला असला तरी घड्याळ चुकत नसे. वैयक्तिक संगणकांत हीच रीत रूढ झाली आणि लिनक्सच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाही तिची सवय झाली.

एका पाहुण्याच्या बेताचे घर

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधील केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने आपला पहिला संगणक विक्रीला आणला. बँकेच्या कार्डाएवढा आकार, उघडी पाटी आणि किंमत ३५ डॉलर. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रोग्रामिंगची पूर्वतयारी वर्षागणिक कमी होत चालली आहे, या चिंतेतून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उद्योग आरंभला होता. मुलांच्या हाती मोडतोड करता येईल इतका स्वस्त संगणक द्यावा, हे उद्दिष्ट. त्यावर चालणार होते लिनक्स.

स्वस्ताई आली ती चिपमधून. अप्टन ज्या ब्रॉडकॉम कंपनीत काम करीत, तिची 'बीसीएम २८३५' ही चिप त्यांनी निवडली. ती मुळात चित्र-ध्वनीच्या उपकरणांसाठी घडवलेली होती. तिच्यात ७०० मेगाहर्ट्झवर चालणारा एआरएम प्रक्रियक होता आणि यूएसबीचा भाग सिनॉप्सिस या कंपनीच्या तयार आराखड्यावरून घेतलेला होता. हे वावगे नाही. चिप बनवणारे तिचा प्रत्येक भाग स्वतः घडवत बसत नाहीत. जुन्या छापखान्यात तयार ठोकळे आणून पानात बसवत, तसे ते आराखडे विकत घेऊन बसवतात. हा ठोकळा 'ऑन-द-गो' जातीचा होता. फोन किंवा कॅमेरा कधी संगणकाचा पाहुणा व्हावा आणि प्रसंगी स्वतः यजमान व्हावा, यासाठी २००१ मध्ये यूएसबीच्या आराखड्याला जी पुरवणी जोडली गेली, तिच्यातून ही जात निपजली. अशा उपकरणाला यजमानपण क्वचित आणि तेही एखाद्या पाहुण्यापुरते. म्हणून वेळापत्रक पाळण्याची यंत्रणा या ठोकळ्यात ठेवलेली नव्हती. एकावेळी आठ संभाषणे चालवता येतील एवढी सोय होती. त्यांतले कोणते केव्हा सुरू करायचे आणि केव्हा पुरे करायचे, हे सॉफ्टवेअरने त्या त्या क्षणी सांगायचे.

फोनच्या दृष्टीने ही काटकसर शहाणपणाची होती. रास्पबेरी पायच्या 'बी' नमुन्यावर मात्र या नियंत्रकाच्या एकुलत्या एका तारेला 'लॅन ९५१२' नावाची चिप जोडली होती. तिच्यात हब होता आणि तारेवरून चालणारे नेटवर्कही होते. म्हणजे कळफलक, माऊस, पेन ड्राइव्ह आणि सारी महाजालाची ये-जा एकाच दारातून होणार होती, आणि प्रत्येक धिम्या कळफलकाची गाठ दुभाष्याशी पडणार होती. एका पाहुण्याच्या बेताने बांधलेल्या घरात लग्नाची पंगत बसली.

परिणाम लवकरच दिसू लागले. टंकलेली अक्षरे गळू लागली. कधी एकच अक्षर पडद्यावर धावत सुटे. माऊस गोठे, नेटवर्क तुटे, यूएसबीवरून वाजणारा ध्वनी करकरे. अक्षर धावत सुटण्याचे कारण आता आपल्याला कळू शकेल. कळ दाबल्याचा निरोप पोचला आणि सोडल्याचा निरोप दुभाष्याच्या हातून टाकला गेला, तर लिनक्सच्या लेखी ती कळ अजून दाबलेलीच असते. लिहिणारे बोट केव्हाच उचललेले असते.

पण हे निदान लगेच झाले नाही, आणि या दिरंगाईत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सुरुवातीच्या पाट्यांवर यूएसबीच्या प्रत्येक खाचेला १४० मिलिअँपिअरचा संरक्षक फ्यूज होता. जरा जास्त वीज मागणारा कळफलक लावला, किंवा फोनचा दुबळा चार्जर वापरला, की विद्युतदाब घसरे आणि नेमकी हीच लक्षणे दिसत. सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित पाटीतून ते फ्यूज काढून टाकण्यात आले. काहींचे दुखणे गेले, काहींचे राहिले. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एकच अपपाठ लेखनिकाच्या नजरचुकीने येऊ शकतो आणि त्याच्यापुढची मातृका मुळातच सदोष असल्यानेही येऊ शकतो. पहिले कारण बाजूला काढल्याशिवाय दुसरे दिसत नाही. विजेचा दोष दूर झाल्यावर जे उरले, ते नियंत्रकाचे होते.

दोन घंटा

आता हिशेब पाहू. सेकंदाला ८,००० वेळा नियंत्रक प्रक्रियकाला हाक मारणार: नवा क्षण सुरू झाला, पुढे काय करू? या हाकेला इंटरप्ट म्हणतात; आपण तिला घंटा म्हणू. ७०० मेगाहर्ट्झच्या प्रक्रियकाला दोन घंटांच्या मध्ये ८७,५०० ठोके मिळतात. वरवर पाहता हा अवधी ऐसपैस आहे. परंतु लिनक्स ही अनेक कामे एकत्र सांभाळणारी प्रणाली आहे. नाजूक काम चालले असता ती काही काळ दार लावून घेते आणि कोणत्याही घंटेला उत्तर देत नाही. हा काळ बहुधा अल्प असतो. मात्र कधीकधी तो १२५ मायक्रोसेकंदांहून लांबतो, आणि तेवढ्यात दुभाष्याने दिलेली वेळ टळून जाते. सामान्य संगणकात याने काही बिघडले नसते, कारण तेथे वेळापत्रक नियंत्रक पाळतो. येथे ते प्रक्रियकाकडे होते आणि प्रक्रियक दाराआड होता.

चिप बदलता येत नव्हती. हजारो पाट्या आधीच घरोघरी पोचल्या होत्या. फाउंडेशनच्या प्रोग्रामरांनी जो तोडगा काढला, तो चिपमधल्याच एका दुर्लक्षित सोयीवर आधारलेला होता. एआरएम प्रक्रियकाला दोन घंटा असतात, एक नेहमीची आणि एक तातडीची. तातडीच्या घंटेला 'एफआयक्यू' म्हणतात. तिच्यासाठी प्रक्रियकात काही रजिस्टर स्वतंत्र राखलेली असतात, त्यामुळे हातातले काम आवरून ठेवण्यात वेळ जात नाही. शिवाय लिनक्स जेव्हा दार लावून घेते, तेव्हा ते फक्त नेहमीच्या घंटेसाठी लावते. तातडीची घंटा तरीही ऐकू येते. लिनक्सच्या सर्वसाधारण व्यवहारात या घंटेचा उपयोग जवळजवळ होत नसे.

२०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने यूएसबी ड्रायव्हरचा वेळेला बांधलेला भाग या तातडीच्या घंटेखाली हलवण्यात आला. आधी त्या ८,००० हाका तिने ऐकायच्या आणि खरोखर काम असेल तरच मुख्य ड्रायव्हरला उठवायचे, एवढेच केले गेले. पुढे दुभाष्याला निरोप देणे आणि त्याच्याकडून उत्तर नेणे हा सबंध व्यवहारच तिच्याकडे सोपवण्यात आला, आणि अखेरीस ते सारे नव्याने, अधिक शिस्तीने लिहिले गेले. अक्षरे गळणे मोठ्या प्रमाणात थांबले.

तोडगा म्हटला की त्याची किंमत आली. तातडीच्या घंटेखाली चालणाऱ्या आज्ञावलीला लिनक्सची नेहमीची कुलपे वापरता येत नाहीत. एखादे कुलूप नेहमीच्या कामाने लावलेले असताना ही घंटा वाजली आणि तीही त्याच कुलपासाठी अडून बसली, तर दोघेही कायमचे अडकतात. त्यासाठी वेगळे नियम आणि वेगळी कुलपे करावी लागली. लिनक्सची काटेकोर वेळ पाळणारी एक आवृत्ती असते. ती रास्पबेरी पायवर चालवू पाहणाऱ्यांचा संगणक या युक्तीमुळे गोठू लागला. त्यांना संगणक सुरू करतानाच ती बंद करून ठेवावी लागे. एका ठिकाणचे ठिगळ दुसऱ्या ठिकाणी ताणले गेले. आणि ही युक्ती लिनक्सच्या मुख्य प्रवाहात गेली नाही. ती फाउंडेशनच्या स्वतःच्या शाखेतच राहिली.

मुख्य प्रवाहात त्याच नियंत्रकासाठी 'डीडब्ल्यूसी २' नावाचा दुसरा ड्रायव्हर वाढत होता. २०१३ मध्ये तो उमेदवारांच्या ओसरीवर दाखल झाला आणि २०१४ मध्ये त्याला आत स्थान मिळाले. याच कुळातला नियंत्रक रॉकचिप कंपनीच्या 'आरके ३२८८' या चिपमध्ये होता आणि ती चिप काही क्रोमबुकांत होती. त्यामुळे २०१५-१६ मध्ये या ड्रायव्हरकडे नव्याने लक्ष गेले. तेथे निराळा मार्ग धरण्यात आला. घंटा वाजल्यावर जागीच करायचे काम कमीत कमी ठेवायचे, बाकीचे मागाहून उरकायचे, आणि आठ तुकड्यांपैकी कोणाला कोणता तुकडा द्यायचा याचा ताळेबंद आधीच काटेकोर मांडून ठेवायचा. एका पक्षाने अधिक मोठ्या आवाजाची घंटा बसवली, दुसऱ्याने घरातला गलका कमी केला. एकाच सदोष स्थळावर दोन टीकाकारांनी लावलेले हे दोन अर्थ आहेत. दोन्ही उपयोगी पडले आणि दोन्हींत उणिवा राहिल्या.

दोषाची नावे

येथे क्षणभर थांबून शब्दांकडे पाहावेसे वाटते. या क्षेत्रात दोषाला अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नावात जबाबदारीची निराळी वाटणी आहे. 'बग' म्हटले की कोणीतरी चुकले आहे आणि ते निस्तरले पाहिजे, असा भाव येतो. 'एराटा' म्हटले की चूक मान्य झाली, नोंदली गेली, परंतु ती आता वाचकाने सांभाळून घ्यायची. लिनक्सच्या मूळ संहितेत मात्र हार्डवेअरच्या दोषासाठी रूढ झालेला शब्द 'क्वर्क' हा आहे. त्याला मराठीत 'खोड' हाच शब्द नेमका वाटतो. माणसाची खोड असते, तशी चिपचीही. तिच्यावर रागावून उपयोग नाही. ती जाणून घेऊन वागायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण सिलिकॉनला तर अक्षरशः लागू पडते.

यूएसबीच्या पुढच्या पिढीतील 'एक्सएचसीआय' नियंत्रकांसाठी लिनक्समध्ये २००९ साली सारा शार्प यांनी लिहिलेला ड्रायव्हर आला. त्याच्या संहितेत या खोडींची नोंदवहीच आहे. फ्रेस्को लॉजिक कंपनीच्या एका नियंत्रकाविषयी तेथे टिपले आहे की हाक मारण्याची एक विशिष्ट पद्धत त्याच्या कोणत्याही आवृत्तीला साधत नाही, यातल्या काही आवृत्त्या मात्र ती साधत असल्याचे स्वतःच्या माहितीपत्रकात सांगतात. आणि कंपनीनेच याला दुजोरा दिला आहे. म्हणजे पाठ स्वतःविषयी जे सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये, अशी ही तळटीप आहे. दुसऱ्या एका खोडीच्या नावातच 'ट्रस्ट' हा शब्द आला आहे. काही नियंत्रक अपुरी माहिती देऊनही 'काम फत्ते' असे कळवतात. तेव्हा त्यांच्या शब्दावर न जाता प्रत्यक्ष किती अक्षरे आली तेवढ्यावरच भरवसा ठेवायचा. अशी लबाडी नव्याने आढळली, तर ड्रायव्हर एक इशारा नोंदवतो, आणि त्या इशाऱ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते. यंत्र माणसाला विचारते, हाही त्यांच्यातलाच काय?

रेनेसास कंपनीच्या काही नियंत्रकांची खोड तर एखाद्या कथेत शोभावी अशी आहे. त्यांना पुसून नव्याने सुरू केले, तरी जुन्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग ते आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या जागी जपून ठेवतात. मग नवा पत्ता दिला की अर्धा पत्ता लिनक्सचा आणि अर्धा आधीच्या फर्मवेअरचा, असे मिश्रण तयार होते आणि माहिती भलत्याच जागी जाते. यावर तोडगा असा की सगळे पत्ते आधी शून्य करायचे, त्या गडबडीत नियंत्रकाला घातक चूक करू द्यायची, आणि तो पुरता कोलमडला की मगच त्याला खऱ्या अर्थाने पुसायचे. ही खोड २०१८ मध्ये नोंदवताना आणखी एक अडचण पुढे आली. ड्रायव्हरने खोडींच्या नोंदीसाठी ३२ खुणांची जागा राखली होती. ती भरली होती. तेव्हा ती वाढवून ६४ करण्यात आली.

खर्च कोणाचा

हार्डवेअरचा दोष नेहमीच वाचकाच्या माथी मारला जातो, असे नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकाराचा दोष उघडकीला आला. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना आपल्या आकडेमोडीत तो आढळला होता. बरीच टीका झाल्यावर कंपनीने मागेल त्याला प्रक्रियक बदलून देण्याचे कबूल केले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसला. तेथे चूक करणाऱ्याने खर्च उचलला.

रास्पबेरी पायच्या बाबतीत तसे होणे शक्य नव्हते, आणि न्यायाने पाहता तसे म्हणताही येत नाही. सिनॉप्सिसचा ठोकळा फोनसाठी ठीक होता. ब्रॉडकॉमची चिप ज्या कामासाठी घडली, तेथे ती चालली. फाउंडेशनने महाग चिप घेतली असती, तर किंमत ३५ डॉलर राहिली नसती आणि ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांच्यापर्यंत तो पोचला नसता. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी समर्थनीय होता. दोष त्यांच्या जोडकामात उत्पन्न झाला. म्हणूनच 'हा दोष की काटकसर?' या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. जी काटकसर मूळ प्रसंगात गुण होती, ती दुसऱ्या प्रसंगात दोष ठरली. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, हे आम्ही वर्गात कवितेविषयी सांगतो. ते चिपलाही लागू आहे.

परंतु समर्थनीय निर्णयांची बेरीज कोणाला तरी चुकती करावी लागते. येथे ती तीन ठिकाणी चुकती झाली. एक, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या रात्रींत. दोन, प्रक्रियकाच्या वेळेत. कारण ८,००० हाकांना उत्तर देण्यात जाणारी शक्ती ही त्या मुलाच्या प्रोग्रामला न मिळालेली शक्ती होती. तीन, पहिल्या दोन वर्षांत गळालेल्या अक्षरांत. पहिल्याच दिवशी आपली आज्ञा चुकीची उमटलेली पाहून एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःलाच दोष दिला असेल. नवख्याला सहसा आपलेच चुकले असे वाटते. पाठ चुकलेला असू शकतो, ही शंका यायला थोडे वाचन व्हावे लागते.

पुढे पाया बदलला. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ वर मुख्य खाचांसाठी व्हीआयए लॅब्जचा स्वतंत्र एक्सएचसीआय नियंत्रक बसवण्यात आला आणि नेटवर्कलाही यूएसबीपासून वेगळी वाट मिळाली. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये तर ही कामे स्वतः घडवलेल्या 'आरपी १' या चिपवर सोपवली गेली. पण जुना नियंत्रक इतिहासजमा झाला नाही. २०२१ मध्ये आलेल्या झीरो २ डब्ल्यू या छोट्या पाटीवरही तोच आहे. अशा पाट्या एकदा कोठे बसवल्या, एखाद्या फलकामागे, एखाद्या मोजमापाच्या पेटीत, की वर्षानुवर्षे कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. त्यांतली शेवटची बंद पडेपर्यंत तो तोडगा संहितेतून काढता येणार नाही.

शुद्धिपत्र वाचून आपल्या प्रतीत दुरुस्ती करणारा वाचक ती एकट्यापुरती करतो. शेजारच्याच्या प्रतीत चूक तशीच राहते. लिनक्समध्ये कोणा एकाने शोधलेली खोड सर्वांच्या प्रतीत एकदम नोंदली जाते आणि पुढच्या वाचकाला ती पुन्हा शोधावी लागत नाही. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्या नोंदीखाली बहुधा एखादे नाव आणि तारीखही असते. पण ते पान उघडून पाहणारे थोडे. बाकीच्यांच्या वाट्याला येते ते इतकेच, की कळ दाबल्यावर तेच अक्षर, एकदाच, पडद्यावर उमटते.